गालिच्याची पाठ आणि घरातली हवा

नव्या गालिच्याला येणारा उग्र, रबरी वास लोकरीचा किंवा नायलॉनचा नसतो. तो गालिच्याच्या पाठीवरून येतो. यंत्राने टोचून बनवलेल्या गालिच्याचे धागे जागेवरून निघू नयेत म्हणून मागच्या बाजूला कृत्रिम रबराच्या चिकाचा, म्हणजे लेटेक्सचा, थर देतात. स्टायरिन आणि ब्यूटाडाइन यांपासून हे लेटेक्स बनताना ४-फिनाइलसायक्लोहेक्सिन नावाचे एक संयुग किंचित प्रमाणात तयार होते आणि लेटेक्समध्येच राहून जाते. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचा पुरता एक भागही नसला तरी माणसाच्या नाकाला ते कळते. ‘नवेपणाचा वास’ म्हणून ज्याचे कौतुक होते, तो बहुतेक वेळा हाच.

वास येतो याचा अर्थ, वस्तूतले काही रेणू सुटून हवेत मिसळले आहेत. साध्या तापमानालाही ज्यांची सहज वाफ होते अशा कार्बनी पदार्थांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगे म्हणतात; रंगाच्या डब्यांवर यांचाच उल्लेख ‘व्हीओसी’ असा असतो. टोल्युइन, झायलिन, स्टायरिन, बेंझिन, फॉर्माल्डिहाइड ही त्यांतली घराघरांत सापडणारी नावे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके जड होणे, दमेकऱ्याचा दमा उसळणे हे त्यांचे लगेच जाणवणारे परिणाम. बेंझिन आणि फॉर्माल्डिहाइड यांचा संबंध थेट कर्करोगाशी आहे. मात्र वासाला मोजपट्टी मानून चालत नाही. गालिच्याचा वास अगदी अल्प मात्रेतही नाकात भरतो, आणि जीव घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

खेड्यातली हवा स्वच्छ असते, ही समजूत घराच्या बाहेरच्या हवेपुरती एक वेळ खरी धरता येईल. घरातल्या हवेबद्दल ती अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८०च्या दशकात केलेल्या एका मोठ्या अभ्यासात साफ खोटी ठरली. लान्स वॉलेस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या अभ्यासात रासायनिक कारखान्यांच्या शेजारची शहरे होती, तसे शेतीवर जगणारे छोटे गावही होते. दोन्हीकडे बऱ्याच सेंद्रिय संयुगांचे प्रमाण घराबाहेरच्यापेक्षा घरात दोन ते पाच पट आढळले. कारखाना जवळ आहे की दूर, याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घरात काय आणले, काय लावले आणि काय जाळले याने.

सातारा जिल्ह्यातले उंब्रज या दृष्टीने पाहण्यासारखे गाव आहे. कराड तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गावर, तारळी आणि कृष्णा यांच्या संगमाकाठी ते वसले आहे. भोवती उसाचा पट्टा, पश्चिमेला पाटण-चाफळकडचे डोंगर, पूर्वेला मसूर. अशा गावात घराचा सांगाडा एक-दोन पिढ्यांत पार बदलतो. जुने घर मातीच्या किंवा दगडी भिंतींचे आणि कौलारू. जमीन शेणाने सारवलेली किंवा शहाबादी फरशीची, भिंतींना चुना, अंथरायला घोंगडे, सतरंजी, लग्नकार्याला जाजम. नवे घर स्लॅबचे, भिंतींना ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट, स्वयंपाकघरात प्लायचे कप्पे, दारे-कपाटांवर सनमायका आणि बैठकीच्या खोलीत ‘कार्पेट’. कौलांच्या फटींतून आणि झरोक्यांतून जुने घर दिवसरात्र श्वास टाकत असे. नव्या घराची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते. वाफा सोडणाऱ्या वस्तू वाढल्या आणि नेमक्या त्याच वेळी हवा जायच्या वाटा कमी झाल्या.

जुने घर म्हणजे निरोगी घर, असा याचा अर्थ काढणे मात्र चुकीचे आहे. त्याच कौलारू घरात चुलीचा धूर कोंडायचा आणि तो बाईच्या छातीत जायचा. तरीही जुन्या बांधकामाच्या साहित्याचा एक गुण मान्य करावा लागतो. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजला आहे, आणि ती मूर्ती चुना, वाळू व ताग यांची असल्याचे सांगतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. त्यातून कोणतीही सेंद्रिय वाफ निघत नाही. दगड, वाळू, भाजलेली वीट, शहाबादी फरशी, चिनी मातीच्या टाइल या सगळ्यांचे तसेच. घरातले रासायनिक प्रदूषण सुरू होते ते डिंक, राळ, प्लॅस्टिक आणि द्रावकांपासून.

‘कार्पेट’ म्हणून दुकानात जे विकले जाते त्यातही तीन अगदी वेगळ्या वस्तू असतात. सर्वांत स्वस्त आणि खेड्यात सर्वांत जास्त खपणारे म्हणजे गुंडाळीने मिळणारे, फरशीची किंवा लाकडाची नक्षी छापलेले प्लॅस्टिक. ते पीव्हीसीचे असते. पीव्हीसी मुळात कडक; ते मऊ राहावे म्हणून त्यात थॅलेट वर्गातले तेलकट पदार्थ मिसळतात. हे पदार्थ प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. म्हणून वर्षानुवर्षे ते हळूहळू बाहेर येत राहतात आणि घरातल्या धुळीला चिकटतात. स्वीडनमधील मुलांचा एक अभ्यास कार्ल-गुस्ताफ बोर्नेहाग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. घरच्या धुळीत थॅलेटांचे प्रमाण जास्त असणे आणि मुलांना दमा, सर्दी-शिंका, त्वचेची खाज असणे यांचा त्यात संबंध दिसला. रांगणाऱ्या मुलाचा हात जमिनीवर असतो आणि लगेच तोंडात जातो, त्यामुळे ही धूळ मोठ्यांपेक्षा त्याच्याच पोटात अधिक जाते.

या प्लॅस्टिकची दुसरी खोड पावसाळ्यात कळते. जमिनीला ओल येते आणि सिमेंटचा कोबा मुळातच अल्कधर्मी असतो. ओल आणि अल्क एकत्र आले की वरच्या पीव्हीसीतले थॅलेट आणि खालचा डिंक यांचे विघटन होऊन २-इथाइलहेक्झॅनॉल नावाचे उग्र वासाचे अल्कोहोल तयार होते. स्कँडिनेव्हियातल्या ओल धरलेल्या इमारतींत हा प्रकार नीट अभ्यासला गेला आहे. सह्याद्रीच्या उताराखाली चार महिने ओल सोसणाऱ्या घरात, तळमजल्याच्या कोब्यावर अंथरलेल्या प्लॅस्टिकखाली वेगळे काही घडण्याचे कारण नाही. जून ते सप्टेंबर कोपरे उचलून पाहावेत. खाली घाम फुटल्यासारखे पाणी आणि आंबूस वास असेल तर ते काढून ठेवणे हाच उपाय. ओल येणाऱ्या जमिनीवर पीव्हीसी कधीच चिकटवू नये.

दुसरी वस्तू म्हणजे नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन किंवा लोकरीचा टोचलेला गालिचा. तिसरी, हाताने गाठी मारून विणलेला. या दोहोंतला भेद पुढून पाहून कळत नाही. गालिचा उलटा करावा. मागे पुढच्यासारखीच नक्षी आणि एकेक गाठ दिसत असेल तर तो विणलेला. त्याला लेटेक्सची गरज नाही, कारण गाठच धागा धरून ठेवते. मागे जाड कापड चिकटवलेले असेल, तर तो टोचलेला आणि आत लेटेक्स आहे. भदोही-मिर्झापूरकडून येणारा ‘हातचा लोकरी गालिचा’ या दोन्हीपैकी कोणताही असू शकतो, आणि किमतीतला मोठा फरक बहुधा इथेच असतो. टोचलेल्या गालिच्याच्या पाठीवरचे लेटेक्स काही वर्षांनी ठिसूळ होते आणि त्याची पांढरट भुकटी फरशीवर पडू लागते. लोकर शंभर टक्के असली तरी पाठ कशाची आहे, हे दुकानदाराला वेगळे विचारावे लागते.

गालिच्याच्या वाफांचा प्रश्न जगापुढे आला तो अमेरिकेतल्या एका सरकारी कचेरीमुळे, आणि ती कचेरी नेमकी पर्यावरण संरक्षण संस्थेचीच होती. वॉशिंग्टनमधल्या तिच्या मुख्यालयात १९८७-८८ मध्ये नवे गालिचे टाकले गेले आणि कर्मचाऱ्यांना डोकेदुखी, डोळ्यांची आग, श्वासाचा त्रास सुरू झाला. काही जणांना त्या इमारतीत बसून काम करणेच अशक्य झाले. त्रासाचे नेमके कारण गालिचा, डिंक की इमारतीतली अपुरी हवा, यावर वाद झाला. पण कर्मचारी संघटनेने विषय सोडला नाही. १९९० मध्ये उद्योग, कामगार आणि सरकार एकत्र बसून बोलू लागले आणि त्यातून गालिच्यातून निघणाऱ्या वाफा मोजण्याची पद्धत पुढे आली. अमेरिकेतल्या गालिचे उद्योगाच्या संस्थेने १९९२ मध्ये ‘ग्रीन लेबल’ ही खूण सुरू केली. पुढे तिचीच अधिक कडक आवृत्ती ‘ग्रीन लेबल प्लस’ आली. यात गालिच्याचा तुकडा बंद पेटीत ठेवून ठरावीक वेळाने पेटीतली हवा तपासतात.

अशा खुणा मोठ्या शहरांतल्या दुकानांत, निर्यातीच्या मालावर आणि कार्यालयांसाठीच्या गालिच्याच्या चौकोनांवर दिसतात. त्यांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा. ‘ग्रीनगार्ड’ आणि ‘ग्रीन लेबल प्लस’ या खुणा हवेत काय सुटते याबद्दल बोलतात. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ ही खूण कापडात कोणती घातक द्रव्ये आहेत याची तपासणी सांगते; हवेतल्या वाफांबद्दल ती तेवढे सांगत नाही. ‘इको-फ्रेंडली’, ‘नॅचरल’, ‘ग्रीन’ असे नुसते शब्द आणि हिरव्या पानाचे चित्र यांना काहीच अर्थ नाही. कराडच्या बाजारात खूण असलेला गालिचा मिळेलच असे नाही, आणि तो न मिळाला म्हणून अडतही नाही. अशा वेळी वस्तूची घडण पाहून निवड करावी.

घडण पाहायची तर सातारा-सांगलीच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात दख्खनी मेंढी पिढ्यान् पिढ्या चरत आली आहे. तिची लोकर जाड, राठ आणि बहुधा काळी. धनगर ती कातरतात, बायका सूत काढतात आणि सनगर खड्डामागावर घोंगडे विणतात. विणलेल्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात. काळ्या लोकरीला रंग लागत नाही. लेटेक्स नाही, द्रावक नाही, डिंक नाही. कमी उत्सर्जनाचे अंथरूण म्हणून जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेने जे मागावे ते या घोंगड्यात आहे, आणि तरीही लग्नाच्या यादीत आज त्याची जागा सिंथेटिक ब्लँकेटने घेतली आहे. लोकर कुटून, दाबून केलेले जेनही याच जातीचे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीवर अनेक वर्षे काम केले, पण तिथला भर जुळी कोकरे देणाऱ्या जातीवर आणि त्यामुळे मेंढपाळाच्या उत्पन्नावर होता. या राठ लोकरीला बाजारात भाव नाही, हे दुखणे राहिलेच आहे. घरात खाली अंथरायला मात्र तिचा राठपणा गुणाचाच ठरतो, कारण जाड धागा पायाखाली टिकतो.

लोकरीत आणखी एक गुण आहे. लोकर ज्या केराटिन प्रथिनाची बनलेली असते ते हवेतल्या फॉर्माल्डिहाइडशी संयोग पावते आणि त्याचा काही भाग कायमचा धरून ठेवते. यामुळे घर शुद्ध होते असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण जी वस्तू वाफा सोडण्याऐवजी थोड्या शोषते ती निवडावी, इतके म्हणायला हरकत नाही. त्याचबरोबर कारखान्यात बनलेल्या लोकरी गालिच्याला कसर लागू नये म्हणून बहुधा परमेथ्रिनसारखे कीटकनाशक दिलेले असते, हेही ध्यानात ठेवावे. लोकरीचे सोसत नसेल तर सुती सतरंजी आहे. ती घरी धुता येते, उन्हात टाकता येते. महाराष्ट्रातल्या कारागृहांतही हातमागावर सतरंज्या विणतात आणि त्या विकत मिळतात. डाग न बसणारा, पाणी न धरणारा अशी जाहिरात असलेला गालिचा टाळलेला बरा. असा लेप पुष्कळदा फ्लोरिनयुक्त रसायनांचा असतो. ही रसायने निसर्गात कुजत नाहीत आणि शरीरातही दीर्घकाळ साठून राहतात. त्यांतले सर्वांत बदनाम संयुग बनवणे थ्रीएम कंपनीने २००० साली थांबवण्याचे जाहीर केले; त्याची भावंडे बाजारात राहिली.

कोणताही गालिचा घेतला तरी तो चिकटवू नये. भिंतीपासून भिंतीपर्यंत डिंकाने बसवलेला गालिचा थंड, कोरड्या देशातली सोय आहे. कृष्णाकाठच्या दमट पावसाळ्यात त्याखाली बुरशी धरते, धुळीतले बारीक किडे वाढतात आणि तो उचलून उन्हात टाकता येत नाही. शिवाय बसवण्याच्या डिंकातून सुटणाऱ्या वाफा कित्येकदा गालिच्यापेक्षा जास्त असतात. सुटा गालिचा आणून दोन-तीन दिवस ओसरीवर किंवा गच्चीत सावलीला उलगडून ठेवावा. लेटेक्सच्या वाफांचा मोठा भाग पहिल्या ४८ ते ७२ तासांतच निघून जातो, मग तो आत न्यावा. गुंडाळी तशीच पलंगाखाली सरकवून ठेवली तर ही वाफ आतच राहते आणि पुढे महिनोन् महिने थोडी थोडी खोलीत येते. खरेदी दिवाळीनंतर केलेली सोयीची, कारण त्या दिवसांत हवा कोरडी असते आणि खिडक्या उघड्या ठेवता येतात.

गालिच्याची एवढी काळजी घेऊन त्याच खोलीत नवे प्लायचे कपाट बसवले, तर केलेले बरेचसे वाया जाते. बहुतेक घरांत फॉर्माल्डिहाइड सर्वांत जास्त येते ते प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांतून. लाकडाचे पापुद्रे किंवा भुसा जोडायला स्वस्तातली युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ वापरतात. ऊन आणि ओल मिळाली की या राळेचे विघटन होऊ लागते आणि ती वायू सोडते. पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीत, एप्रिल-मेच्या दुपारी, बंद कपाट उघडताच डोळ्यांना पाणी येते ते यामुळे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी २०१० मध्ये त्याची मर्यादा एका घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम अशी घालून दिली. ती अर्ध्या तासाच्या सरासरीची आहे.

सुताराशी बोलताना उपयोगी पडेल असा एक भेद आहे. ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारे, एमआर छापाचे प्लाय बहुधा युरियाच्या राळेचे असते. बीडब्ल्यूआर किंवा मरीन छापाचे, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारे प्लाय फिनॉलच्या राळेने जोडलेले असते. ही राळ पक्की बसते, वायू कमी सोडते आणि तिचा जोड गडद तांबूस दिसतो. ते महाग पडते, पण पावसाळ्यात फुगत नसल्याने सुतारही तेच सुचवतो. पाटीवर ई१ किंवा ई० लिहिलेले असेल तर आकडा जितका लहान तितके उत्सर्जन कमी. कोणतेही बोर्ड असो, त्याच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवू नयेत; वायू मुख्यतः तिथून आणि न झाकलेल्या मागच्या बाजूने येतो. आतून-बाहेरून सनमायका, कडांना पट्टी, हे काम डोळ्यांदेखत करून घ्यावे. सनमायका चिकटवायला पांढरा, पाण्यात मिसळणारा डिंक वापरता येतो. पिवळट, झणझणीत वासाचे सोल्युशन लवकर धरते म्हणून सुताराला सोयीचे. त्यातला द्रावक मात्र सगळा त्या खोलीत उडतो आणि पहिल्यांदा सुताराच्याच छातीत जातो. जुने सागवानी कपाट घासून पुन्हा वापरणे हा या सगळ्याहून चांगला पर्याय, आणि खेड्यातल्या पुष्कळ घरांत तो माळ्यावर पडून असतो.

रंगाचे तसे सोपे आहे. पाण्याचे रंग ऑइल पेंटपेक्षा कितीतरी कमी वाफा सोडतात, आणि ‘लो व्हीओसी’ लिहिलेले त्याहून कमी. लाकूडकाम आणि ग्रिल सोडून घराच्या आत ऑइल पेंटची गरज पडत नाही. जुना रंग खरवडताना काळजी घ्यावी ती शिशाची. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याचा संभव मोठा. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून खरवडावा आणि लहान मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवावे. दिवाळीच्या तोंडावर रंग लावून दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत बाळंतीण आणि तान्हे मूल झोपवण्याची चूक अनेक घरांत होते. निदान आठवडाभर ती खोली उघडी, रिकामी राहायला हवी.

तान्ह्या मुलाचा विषय निघाला की डांबरगोळ्यांचेही सांगितले पाहिजे. नॅप्थॅलीनच्या या गोळ्या ट्रंकेत टाकतात आणि त्याच ट्रंकेतली दुपटी बाळाला गुंडाळतात. काही बाळांत जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. नॅप्थॅलीनच्या वाफेने अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते आणि प्रसंगी जीवावर बेतते. कसर टाळायला लोकरी कपडे कडक उन्हात टाकून, झटकून, वेखंडासोबत किंवा सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्यासोबत ठेवण्याची जुनी रीत पुरेशी आहे.

इथवर वस्तूंतून आपोआप सुटणाऱ्या वाफांचा विचार झाला. पण ग्रामीण घरातले सर्वांत मोठे प्रदूषण जाळण्यातून येते, आणि गालिच्यावर खर्च करण्याआधी तिकडे पाहणे शहाणपणाचे. किर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर यंत्रे लावून धूर मोजला, तेव्हा या प्रश्नाचा आवाका जगाला कळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमधील डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने आणखी एक गोष्ट ठळकपणे मांडली: कधीही विडी न ओढलेल्या माणसांनाही दीर्घकालीन श्वसनरोग मोठ्या प्रमाणात होतो आणि त्यामागचे एक प्रमुख कारण चुलीचा धूर आहे.

गॅस आला म्हणून धूर संपला असे होत नाही. आंघोळीच्या पाण्याचा बंब अजून पेटतो. त्यात चिपाडे, पाचट, सरपण जाते, आणि सुताराने टाकून दिलेले प्लायचे तुकडे, जुनी चप्पल, दुधाच्या पिशव्या, फाटलेले मेणकापडही जाते. यातले पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन तयार होतात, प्लायमधून फॉर्माल्डिहाइड. वर्षभर गालिच्यातून जेवढे सुटणार नाही त्याहून वाईट धूर एका सकाळी दाराशी तयार होतो. बंबात फक्त लाकूड आणि शेतातले जळण घालावे आणि बंब खिडकीपासून लांब असावा. बंबाऐवजी गॅस गिझर बसवला असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर, उघड्यावर लावावा. बंद न्हाणीघरात गिझरमुळे साठणारा कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो.

संध्याकाळी दारे लावून पेटवलेली डासांची कॉइल दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी लागेल. वेइली लिऊ आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, एक कॉइल जळून संपेपर्यंत हवेत जाणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले आणि फॉर्माल्डिहाइड ५१ सिगारेटींपर्यंत. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी यांना कसलाच धूर नसतो. उदबत्ती, धूप आणि कापूर यांचाही धूर कणांचाच असतो. देवपूजा बंद करायला कोणी सांगत नाही, पण देवघराची खिडकी उघडी ठेवून एकच उदबत्ती लावता येते.

राहिला प्रश्न हवा खेळती ठेवण्याचा, आणि उंब्रजसारख्या गावात तो वाटतो तितका सोपा नाही. खिडकी बंद ठेवली तर आतली वाफ कोंडते, उघडली तर महामार्गाची धूळ आणि धूर आत येतो. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तोडलेल्या उसाचे पाचट फडात पेटवतात. थंडीत रात्री आणि पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि हा धूर खालीच रेंगाळतो. म्हणून हिवाळ्यात पहाटे दारे उघडण्यापेक्षा ऊन वर आल्यावर, दहा-अकरापासून दुपारपर्यंत ती उघडावीत. धुके विरते तसा धूरही वर जातो. रस्त्याकडची खिडकी बंद आणि मागच्या अंगणाकडची व तिच्या समोरची उघडी, असा वारा खेळवता येतो. स्वयंपाकघरात छतालगत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला तर थोड्या खर्चात सर्वांत जास्त फायदा होतो. त्याच्यासाठी झरोका बांधकामातच ठेवायला गवंड्याला सांगावे.

कुंड्यांवर विसंबू नये. नासाने १९८९ मध्ये बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवरून घरातली झाडे हवा शुद्ध करतात असा समज पसरला. कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला. इमारतीत एरवीच होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतके काम झाडांकडून व्हायचे तर दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील, असे त्यात निघाले. मनीप्लँट शोभेसाठी लावावा.

अंथरलेल्या गालिच्याची निगा हा या विषयाचा शेवटचा भाग. गालिच्यात साठणारी धूळ नुसती माती नसते. जुन्या रंगाचे शिसे, शेतात मारलेल्या औषधाचे अंश आणि प्लॅस्टिकमधले थॅलेट तिच्यात असतात. चपला दाराबाहेर काढण्याची आपली रीत या बाबतीत फार मोलाची आहे, आणि शेतात फवारणी करून आलेल्या माणसाने कपडेही बाहेरच उतरवावेत. झाडूने गालिचा झाडला की ही धूळ उडून तासभर हवेत राहते. त्यापेक्षा तो बाहेर नेऊन दोरीवर टाकून बडवावा, उन्हात उलटा करून वाळवावा. पावसाळा लागण्याआधी तो गुंडाळून माळ्यावर टाकावा आणि चार महिने उघड्या फरशीवर सतरंजी वापरावी. शाम्पूचे, सुगंधी फवाऱ्याचे डबे या कामाला नकोत. साबणाचे कोमट पाणी आणि ऊन पुरते.

जुने झालेले व्हिनाइल किंवा लेटेक्सची भुकटी गाळणारा गालिचा बंबात, उकिरड्यावर किंवा उसाच्या फडात पेटवू नये. तो खोलीतच गुंडाळून दोरीने बांधावा, दार-खिडक्या उघड्या ठेवून बाहेर न्यावा आणि ग्रामपंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्यावा. खालची फरशी कोरडी न झाडता ओल्या फडक्याने दोनदा पुसावी, आणि नवे काही अंथरण्याआधी कोबा पूर्ण वाळू द्यावा.